अंशभर इकडे-तिकडे

कोनमापकाबद्दल हळवं व्हायचं म्हटलं, तर पहिली अडचण ही की ते कुठे गेलेलंच नाही. बोरू गेला, टाक गेला, शाईची दौत गेली. त्यांच्या नावानं गळा काढायची सोय तरी आहे. कोनमापक मात्र शाळेजवळच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात आजही मिळतं. तसंच अर्धगोल, तसंच पारदर्शक, आणि जूनमध्ये घेतलं की दिवाळीपर्यंत हमखास हरवणारं. ज्या काउंटरपाशी आमची पिढी वडिलांचं बोट धरून उभी राहिली, तिथे आज आमची नातवंडं उभी असतात. तेव्हा ‘आमच्या वेळी’ अशी सुरुवात करताना जीभ जरा अडखळते. तरीही करतो. वस्तू जागच्या जागी राहिली आणि तिला धरणारे हात तेवढे बदलले, की नेमकं काय हरवलं हे सांगणं जास्त अवघड जातं, आणि अवघड गोष्टीवर बोलायला आमच्या पिढीला आवडतं.

आमच्या वेळी कंपासपेटी बहुधा विकत घेतली जात नसे, वारशानं येत असे. ताईची दादाकडे, दादाची आपल्याकडे, आपल्याकडून चुलतभावाकडे. पेटी पत्र्याची, कोपऱ्यांवरचा रंग उडालेली, झाकणावर आधीच्या मालकाचं नाव विभाजकाच्या टोकानं कोरलेलं आणि त्यावर खाडाखोड करून आपलं. आत एक कर्कटक, एक विभाजक, दोन गुण्ये, सहा इंची पट्टी, खोडरबराचा नखाएवढा उरलेला तुकडा आणि कोनमापक. झाकणाच्या आतल्या बाजूला वेळापत्रक डकवलेलं, त्याच्यामागे दडवलेलं एखादं नाणं, आणि परीक्षेच्या दिवसांत गणपतीचा नाहीतर साईबाबांचा फोटो. विभाजकाचा भूमितीशी नेमका संबंध काय, हे बऱ्याच जणांना दहावी झाली तरी कळलं नाही. मोरावळ्याच्या आवळ्यांना टोचे मारायला आई तो मागून घ्यायची, तेवढी त्याची उपयुक्तता सिद्ध झालेली होती. भर तासाला ही पेटी बाकावरून खाली पडली, की सगळा वर्ग एकदम गप्प व्हायचा आणि पेटीचा मालक सोडून सगळे हसायचे.

पेटी बहुतेकांची कॅम्लिनची. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या या कंपनीची बहुतांश मालकी २०११ मध्ये जपानच्या कोकुयोकडे गेली, तेव्हा आमच्यातल्या पुष्कळांना घरातला पाटा-वरवंटा शेजाऱ्यांनी उचलून नेल्यासारखं वाटलं. वाटण्याला काही अर्थ नव्हता. पाटा-वरवंटा घरात होता तेव्हा वाटण वाटायला कोण बसत होतं, हा प्रश्न आमच्यातल्या पुरुषमंडळींनी स्वतःला विचारून पाहावा.

आता पेटी दरवर्षी नवी येते. कधी प्लॅस्टिकची, कधी चेन लावलेली, कधी दोन मजली. वर एखादा कार्टूनचा नायक. पडली तरी आवाज होत नाही. आतलं कोनमापकही चांगलं असतं, हे मान्यच केलं पाहिजे. काहींवर बाहेरची मापनी एका रंगात आणि आतली दुसऱ्या रंगात, म्हणजे घोटाळा नको. आमच्या वारसाहक्कानं आलेल्या कोनमापकावर अंगठा घासून घासून ४० ते ७० हा पट्टा पार पुसला गेलेला असायचा. उन्हात राहून ते किंचित वाकलेलं असायचं, वहीवर ठेवलं की एका टोकानं उचलायचं. केंद्रबिंदूपासून निघालेली चीर पार कडेपर्यंत गेलेली असायची. अशा अवजारानं आम्ही कोन मोजले आणि त्यावर आम्हाला गुण मिळाले. याला आमची हुशारी म्हणायचं की तपासणाऱ्याचा मोठेपणा, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

पण मोजण्याचा तो सोहळा! आधी पेन्सिलीला टोक काढायचं, तेही ब्लेडनं, कारण गिरमिट कोणीतरी नेलेलं. मग कोनाच्या भुजा बघायच्या. पुस्तकातल्या कोनांच्या भुजा हमखास आखूड, कोनमापकाच्या कडेपर्यंत त्या पोचायच्याच नाहीत. म्हणून पट्टी लावून हलक्या हातानं वाढवायच्या. मग केंद्रबिंदू शिरोबिंदूवर आणायचा. मग आधाररेषा एका भुजेवर बसवायची, आणि इथे अर्धा वर्ग फसायचा, कारण कोनमापकाची खालची कड म्हणजे आधाररेषा नव्हे. ती कडेच्या थोडी वर असते. भुजा जुळली की केंद्र सरकायचं, केंद्र धरलं की भुजा हलायची. शेवटी डाव्या हाताची दोन बोटं कोनमापकावर रोवून, एक डोळा मिटून, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून वाचन व्हायचं.

वाचनाची तऱ्हा तर आणखी निराळी. एकाच रेघेवर आकडे दोन. बाहेर ६०, आत १२०. कोनमापक दोन्ही उत्तरं देऊन मोकळं. खरं कुठलं, हे त्याच्याकडे बघून कळत नाही, कोनाकडेच बघावं लागतं: बाबा रे, तू लघुकोन की विशालकोन? बाई म्हणायच्या, “आधी डोळ्यांनी मोज, मग मापकानं.” म्हणजे कोनमापक ठेवण्यापूर्वी अंदाज सांगायचा. हा साधारण ७०. हा काटकोनाला थोडा कमी. मग मोजून बघायचं आणि अंदाज जवळ आला तर उगाच छाती फुगायची. उत्तर वहीत तांबड्या खुणेसह परत यायचं तेव्हा अंशभर इकडे-तिकडे माफ असायचं. गणितासारख्या कडक विषयात एवढी उदारता दुसऱ्या कुठल्या धड्यात मिळाली नाही.

आता पडद्यावर दोन रेषा काढल्या की कोन आपणहून हजर होतो. एकच आकडा, तोही दोन दशांश स्थळांसकट. भुजा वाढवायला नको, डोळा मिटायला नको, आत-बाहेरचा घोळ नको. सोय मोठी आहे. फक्त त्या आकड्यापूर्वी जो क्षणभर कोनाकडे बघायचा असायचा, तो क्षण आता कोणी मागत नाही. मुलाला विचारलं, की अंदाजे किती असेल, तर तो सभ्यपणे म्हणतो, “आजोबा, अंदाज कशाला? दिसतोय की.” याला उत्तर नाही. आम्हीसुद्धा अंदाज सांगत होतो तो बाईंच्या धाकानं, कोनाच्या प्रेमानं नव्हे.

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश येते, हे ‘पडताळून पाहा’ असं पुस्तकात असायचं. साठ जणांच्या वर्गात साठ त्रिकोण, वाकडी कोनमापकं, बोथट पेन्सिली, आणि बेरीज प्रत्येकाची बरोबर १८०. कोणाचीही १७९ नाही, कोणाचीही १८२ नाही. खरं तर त्या वर्गात पडताळणी व्हायची ती वेगळ्याच गोष्टीची. पहिले दोन कोन मोजायचे आणि तिसरा वजाबाकीनं काढायचा, ही पद्धत कोणी शिकवली नव्हती. ती हवेतच होती. बाईंनाही ते ठाऊक असणारच. अंशभर चूक चालते असं त्यांनी सांगितलं होतं, तरी ती दाखवायची हिंमत कोणात नव्हती. पक्ष, साध्य, सिद्धता असा थाट असलेल्या विषयात आमची पहिली सिद्धता अशी चोख आणि खोटी होती.

आताचं मूल जिओजेब्रा उघडतं. मार्कुस होहेनवार्टर नावाच्या ऑस्ट्रियन माणसानं २००१ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली फुकट मिळते. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू बोटानं धरून ओढला, की तिन्ही कोन डोळ्यांदेखत बदलत जातात. आम्ही एक त्रिकोण पाहिला आणि तोही जुळवून घेतला. हे मूल मिनिटभरात शेकड्यांनी त्रिकोण पाहतं. आणि गंमत म्हणजे पडद्यावरचे आकडे दोन दशांशांवर तोडलेले असल्यानं कधीकधी भलतंच होतं. ५३.१३, ३६.४३ आणि ९०.४३ असे तीन कोन दिसतात. बेरीज करून पाहा: १७९.९९. आमच्यातलं कोणी असतं तर शेवटचा आकडा ९०.४४ करून मोकळं झालं असतं. मुलगा म्हणाला, “राउंडिंग एरर आहे, आजोबा,” आणि पुढच्या गणिताकडे गेला. आम्ही जे वहीच्या घडीत लपवलं, ते त्याला लपवायचं सुचलंही नाही. आता यावर उसासा टाकायचा तो कुठल्या तोंडानं?

शिवाय ती बेरीज १८०च येते हेही पूर्ण खरं नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं. कागदावर येते, जमिनीवर मोठा त्रिकोण घेतला तर किंचित जास्त येते, कारण पृथ्वी गोल आहे. विल्यम लॅम्बटननं १८०२ साली मद्रासहून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, तेव्हा हा जादा हिस्सा हिशोबात धरावाच लागत असे. सुमारे दोनशे चौरस किलोमीटरला अंशाचा ३६००वा भाग, असं त्याचं प्रमाण. म्हणजे वर्गात एखाद्यानं प्रामाणिकपणे १८१ लिहिलं असतं, तर ते बरोबर ठरायला त्याला महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा त्रिकोण काढावा लागला असता. शंभर पानी वहीत ते जमण्यासारखं नव्हतं.

या लॅम्बटनचं कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं होतं. ३६ इंच व्यासाची तबकडी. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या शिखरावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. तबकडी वाकली. त्यानं तंबूत बसून ती आठवडेच्या आठवडे ठाकून-ठोकून सरळ केली आणि पुन्हा मोजायला निघाला. वाकड्या कोनमापकानं काम रेटण्याची आमची परंपरा किती थोर आहे, ते यावरून कळावं. फरक एवढाच, की त्याला आपलं यंत्र वाकडं झाल्याची लाज नव्हती आणि दुरुस्तीचा कंटाळा नव्हता. १८२३ च्या जानेवारीत मोजणीच्या वाटेवरच तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. आमच्या भूमितीच्या पुस्तकात हिंगणघाटचं नाव नव्हतं, याचं मात्र आजही वाईट वाटतं. निदान विदर्भातल्या पोरांना तरी कोन आपल्या गावातून गेलेत हे कळायला हवं होतं.

फळ्यावरची भूमिती हा तर वेगळाच कार्यक्रम होता. वर्गाच्या मॉनिटरनं शिक्षकांच्या खोलीतून लाकडी अवजारं आणायची: मूठ बसवलेलं भलंमोठं कोनमापक, खडू अडकवायचं कर्कटक, मीटरपट्टी. ती घेऊन व्हरांड्यातून येताना मॉनिटरच्या चालीत चोपदाराचा रुबाब येत असे. पण खरे मुरलेले सर ती अवजारं टेबलावर ठेवूनच द्यायचे आणि नुसत्या हातानं वर्तुळ काढायचे. एका दमात, खांद्यातून, सुरुवातीचं आणि शेवटचं टोक जुळलेलं. वर्ग श्वास रोखून बघायचा. ते वर्तुळ खरंच गोल होतं की नाही, हे तपासायची कोणाला गरज वाटली नाही. आज मोजलं तर बहुधा लंबगोल निघेल.

रचना सुरू झाल्या की सरांचा हुकूम सुटायचा: कोनमापकाला हात लावायचा नाही. फक्त पट्टी आणि कर्कटक. ६० चा कोन दोन कंसांत, त्याचा दुभाजक काढला की ३०, लंब काढला की ९०, त्याचा अर्धा ४५, ६० आणि ९० च्या मधोमध ७५. कंस पुसायचे नाहीत, कारण कंस हाच पुरावा. कर्कटकाचा स्क्रू सैल असायचा, कंस काढता काढता पाय फाकायचे आणि ६० चा कोन ६२ च्या घरात जायचा. मग चोरून कोनमापक काढून पाहणारे असत, आणि कोनमापकानं कोन आखून त्यावर मागाहून कंस चढवणारेही असत. या दुसऱ्या जातीच्या मुलांचे कंस फार सुबक यायचे.

कर्कटक खानदानी आणि कोनमापक उपरं, असा हा भेद का, ते कोणी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. ‘सर, २० चा कोन काढून दाखवा’ असं कोणी म्हणालं असतं, तर सर अडले असते, आणि ती सरांची चूक नसती. पट्टी-कर्कटकानं ६० चे तीन समान भाग होत नाहीत, हे पिएर वाँत्झेल या विशीतल्या फ्रेंच तरुणानं १८३७ मध्ये सिद्ध केलं. पूर्ण अंशांतले कोन घेतले तर फक्त ३ च्या पटीतलेच त्या खानदानी मार्गानं काढता येतात. एका अंशाचा कोन तर नाहीच. जो कोन युक्लिडच्या अवजारांना साधत नाही, तो दीड-दोन रुपयांचं वाकडं प्लॅस्टिक सहज दाखवत होतं, आणि आम्ही त्याला दोन नंबरचं समजत होतो. हे जर आठवीत कळलं असतं तर! आजच्या मुलाला हे कळतं. यूट्यूबवर कोणीतरी छान चित्रं काढून सांगतं, आणि ते बघून झाल्यावर पुढचा व्हिडिओ मांजरीचा लागतो. तरी कळतं, हे महत्त्वाचं.

शाळेबाहेर मात्र कोन मोजायला कोनमापक लागतं, असं आमच्या लहानपणी कोणाला वाटत नव्हतं. गवंडी दोरीला तीन, चार आणि पाच फुटांवर खुणा करून काटकोन धरायचा. भिंत ओळंब्यात, खोली गुण्यात, एवढं दोनच शब्दांत त्याचं शास्त्र. छपरावर टीव्हीचा अँटेना फिरवायचा तोही अंशांत नव्हे, आरोळ्यांत. पुण्यात सगळ्या गच्च्यांवरचे अँटेने सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे तोंड करून असायचे. एक जण वर, एक जिन्यात, एक टीव्हीसमोर. “आता?” “मुंग्या आहेत!” “आता?” “गेल्या, गेल्या... आल्या परत!” वाऱ्यानं कोन बदलला की रविवारचा सिनेमा गेला.

आता मिस्त्री लेझर लावतो आणि भिंतीवर हिरवी रेघ उमटते. गच्चीवर सौर पॅनल बसवायला आलेला मुलगा फोन पॅनलवर आडवा ठेवून कल बघतो. पुण्याचा अक्षांश साडेअठराच्या आसपास, त्याच्या जवळपासचा कल तो साधतो आणि निघून जातो. आरोळ्या नाहीत, जिन्यात कोणी नाही. मात्र आमचे जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी लेझरला नावं ठेवू नयेत. त्या वाड्यांत भिंतीला लावलेलं कपाट एका बाजूनं टेकायचं आणि दुसऱ्या बाजूनं मांजर जाईल एवढी फट राहायची. गुण्यात असलेली खोली आम्ही पहिल्यांदा पाहिली ती फ्लॅटमध्ये.

एवढं सगळं होऊन कोनमापक आमच्या आयुष्यात परत आलंय ते भलत्याच दारानं. आमच्यातल्या बऱ्याच जणांचे गुडघे बदलून झालेत. शस्त्रक्रियेनंतर घरी फिजिओथेरपिस्ट येते, आमच्या मुलीच्या वयाची, आणि पिशवीतून काढते ते कोनमापकच: पारदर्शक प्लॅस्टिकचं, दोन लांब भुजांचं. ती त्याला गोनिओमीटर म्हणते. केंद्रबिंदू गुडघ्याच्या सांध्यावर, एक भुजा मांडीच्या रेषेत, दुसरी नडगीच्या. “वाकवा काका, अजून थोडं.” पहिल्या काही आठवड्यांत ९० गाठायचे, मग ११०, जमलं तर त्याच्या पुढे. भूमितीत ज्यांना कधी रस नव्हता, ते सोसायटीच्या बाकावर बसून एकमेकांचे अंश विचारतात. तुमचा किती? माझा अठ्ठ्याण्णव. जोश्यांचा म्हणे एकशेवीस! जोश्यांवर कोणाचा विश्वास नाही.

परवा एका मित्राकडे हीच मोजणी चालली होती. पोरगी म्हणाली, “एकशेपाच.” मित्र म्हणाला, फोनवर मोज, फोन अचूक सांगतो. तिनं फोन नडगीवर ठेवला. तो १०२ म्हणाला. मित्राचा चेहरा पडला. मग खरं कुठलं, यावर ती हसली. “काका, चार-पाच अंश इकडे-तिकडे होतातच. कोण मोजतंय, कसं धरलंय, त्यावर असतं. आठवड्याला वाढतंय ना, ते बघायचं.” मित्रानं जरा विचार केला आणि वहीकडे बोट दाखवून म्हणाला, “मग ११० लिही की. परवा डॉक्टरांकडे जायचंय.”

तिनं १०५ लिहिलं.